आठवण डोक्याबाहेर ठेवताना

माझ्या मोठ्या भावाच्या डोक्याला मार लागला, त्याला आता सहा वर्षे होतील. तो शुद्धीवर आल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आमच्या घरात सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे ‘आठवतंय का?’ बाबा रोज सकाळी त्याच्या पलंगाच्या कडेला बसत आणि आदल्या दिवशी भेटायला कोण आले होते, हे त्याला विचारत. दादा थोडा वेळ छताकडे बघे, मग माझ्या चेहऱ्यावरून काही कळते का ते बघे आणि अंदाजाने एखादे नाव घेई. नाव चुकले की बाबा मान हलवत, बरोबर नाव सांगत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न विचारत. यात निष्ठुरपणा अजिबात नव्हता. व्यायामाने हातापायांत जसा जोर परत येतो तशीच स्मरणशक्तीही रोज ताण दिल्याने परत येईल, अशी आम्हा सर्वांची मनापासून समजूत होती. रुग्णालयातून घरी सोडताना टाके, जखम, गोळ्या यांविषयी आम्हाला सविस्तर सांगण्यात आले होते. स्मृतीविषयी मात्र ‘हळूहळू येईल’ यापलीकडे कोणी काही बोलले नव्हते.

पुढे ज्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (आजारानंतर रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे) आम्ही जाऊ लागलो, त्यांनी बाबांचा हा परिपाठ एकदा शांतपणे पाहिला आणि म्हणाल्या, ‘तुम्ही त्याची रोज परीक्षा घेता आहात, पण त्याला शिकवत कोणीच नाही.’ त्या एका वाक्याने आमच्या घराची दिशा बदलली. डोक्याला मार, पक्षाघात, मेंदूज्वर, हृदय बंद पडल्याने मेंदूला न मिळालेला प्राणवायू अशा कारणांनी ज्यांच्या घरातल्या माणसाचे रोजचे लक्षात राहणे बिघडले आहे, त्यांच्यासाठी मी गेल्या सहा वर्षांत जे शिकले ते येथे लिहीत आहे.

सर्वप्रथम हे समजून घ्यायला हवे की स्मृती ही एक गोष्ट नाही. दादाला शाळेतल्या मित्रांची नावे, सायकल चालवणे, आमच्या लहानपणीच्या भांडणांचे बारकावे हे सगळे जसेच्या तसे आठवते. पण तासाभरापूर्वी झालेले बोलणे राहत नाही. ‘जुने सगळे बरोबर आठवते, मग हे कसे आठवत नाही?’ असे नातेवाईक विचारतात आणि त्या प्रश्नाच्या तळाशी कुठेतरी संशय असतो. या संशयाचे उत्तर शास्त्राकडे फार पूर्वीपासून आहे. हेन्री मोलेसन या तरुणावर 1953 साली अपस्माराच्या उपचारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि तीत मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा अंश काढला गेला. त्यानंतर 2008 साली मृत्यू येईपर्यंत त्यांना नव्या घटना लक्षात ठेवता आल्या नाहीत. पण ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तेव्हा तीन दिवसांत त्यांचा हात सफाईने चालू लागला. हे काम आपण पूर्वी कधी केल्याचे मात्र त्यांना दर वेळी आठवत नव्हते. म्हणजे घटना साठवणारी वाट बंद झाली तरी हाताला सवय लावणारी वाट उघडी राहू शकते. मदत करणाऱ्याचे बरेचसे काम या उघड्या वाटेवरून चालते.

अर्थात प्रत्येकाची इजा वेगळी असते. कानशिलाच्या आतल्या भागाला इजा झालेल्या माणसाला माहिती साठवता येत नाही. कपाळामागच्या भागाला इजा झालेल्या माणसाकडे माहिती असते, पण ती योग्य वेळी स्वतःहून वर येत नाही. त्याला यादी करून दिली तर यादी खिशात राहते आणि काम होत नाही. वेगाने आदळल्यामुळे मेंदूतले धागे ताणले जाऊन ज्यांना इजा झाली आहे, त्यांच्यात अनेकदा मूळ अडचण लक्ष देण्यातच असते. मागे दूरचित्रवाणी चालू असताना सांगितलेली गोष्ट त्यांच्या मेंदूत नीट पोहोचतच नाही, मग ती आठवणार कुठून? म्हणून न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे मेंदूच्या इजेचा स्मृती, लक्ष आणि वागण्यावर काय परिणाम झाला हे तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञांकडून, सविस्तर तपासणी करून घेणे शक्य असेल तर ती अवश्य करून घ्यावी. ‘स्मरणशक्ती कमी आहे’ या मोघम शेऱ्याचा घरी काही उपयोग होत नाही; ऐकलेले राहते की वाचलेले, खूण दिल्यावर आठवते की नाही, थकल्यावर किती फरक पडतो, हे कळले तर घरी काय करायचे ते ठरवता येते.

आता त्या ‘आठवतंय का?’विषयी. तो प्रश्न निरुपयोगी असता तरी एक वेळ चालले असते, पण तो इजा करतो. स्वित्झर्लंडमधील एदुआर क्लापारेद या डॉक्टरांनी 1911 साली एका स्त्री रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली होती. त्या बाईंना आपले डॉक्टरही रोज नवे वाटत. एकदा क्लापारेद यांनी बोटांत टाचणी लपवून त्यांच्याशी हस्तांदोलन केले. पुढच्या वेळी बाईंनी त्यांना ओळखले नाही, टाचणीचा प्रसंगही त्यांना आठवला नाही, पण हात पुढे करायला मात्र त्या तयार होईनात. असा प्रयोग आज कोणी करणार नाही आणि करूही नये. पण त्यातून दिसलेली गोष्ट खरी आहे. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी 2010 साली हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या 5 जणांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. चित्रफितीत काय होते हे विसरल्यानंतरही त्यांच्या मनातली उदासी किंवा प्रसन्नता मागे राहिली होती. दादाला बाबांचा प्रश्न संध्याकाळी आठवत नसे, पण बाबा खोलीत आले की तो अंग चोरून बसू लागला होता. हे माझ्या लक्षात आले त्या दिवशी मला फार वाईट वाटले, आणि बाबांना ते सांगणे त्याहून कठीण गेले.

त्याऐवजी आम्ही काय बोलू लागलो? ‘काल कोण आले होते, आठवतंय का?’ याऐवजी ‘काल मामा आले होते, तुम्ही दोघे गच्चीवर बसला होता’ असे सरळ सांगणे. समोरच्या माणसाने येताच ‘ओळखलंस का मला?’ न म्हणता स्वतःचे नाव आणि नाते सांगणे. हे बाहेरच्यांना शिकवायला घरच्यांपेक्षा जास्त वेळ लागला. एवढ्याने दादाची स्मृती सुधारली नाही. पण तो बोलू लागला, कारण प्रत्येक संभाषण हा सापळा असेल ही भीती गेली.

स्मरणशक्तीच्या कोड्यांविषयीही येथेच सांगून टाकते. आम्ही शब्दकोडी, पत्त्यांच्या जोड्या, फोनवरचे ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणवणारे खेळ असे बरेच काही त्याच्याकडून करून घेतले. खेळ खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो. गोळी घेतली की नाही हे लक्षात राहण्यात त्याने फरक पडत नाही. करमणूक म्हणून, किंवा लक्ष टिकवण्याचा सराव म्हणून ते वाईट नाहीत, पण त्यांच्यावर आशा टांगून ठेवली की तेवढा वेळ खऱ्या उपयोगाच्या गोष्टी शिकण्यातून जातो. इजेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू स्वतःहून वेगाने सावरत असतो आणि त्या सुधारणेचे श्रेय आपण हाताशी असलेल्या कोड्यांना देऊन बसतो. नंतर सुधारणेचा वेग मंदावतो, आणि तेव्हा जे उरते त्याच्याशी जुळवून घेण्याची साधने हाताशी असावी लागतात.

या साधनांत सर्वांत मोठे साधन म्हणजे वही. वही आणून हातात देणे हे मदतीचे काम नव्हे, हे मी अनुभवाने शिकले. आमची पहिली वही दोन आठवड्यांत गादीखाली सापडली आणि तिच्यात तीनच पाने लिहिलेली होती, तीही माझ्या अक्षरात. सोलबर्ग आणि मटीर या अमेरिकी तज्ज्ञांनी 1989 साली वही शिकवण्याची एक पद्धत मांडली. तिच्यात आधी वहीत कोणता भाग कशासाठी आहे हे शिकवायचे, मग ठरवून दिलेल्या प्रसंगांत तिचा वापर करवून घ्यायचा आणि शेवटी बाहेरच्या खऱ्या प्रसंगांत ती वापरायला लावायची, अशा तीन पायऱ्या आहेत. आमच्या थेरपिस्टनी याच मार्गाने सुरुवात केली. दादाला वही ‘वापर’ असे सांगितलेच नाही. वहीत चारच भाग केले आणि पहिले काही दिवस केवळ ‘उद्या काय करायचे आहे हे कुठे लिहितात?’ एवढेच घोटून घेतले.

त्या वहीचे रूप थोडे जवळून सांगण्यासारखे आहे. ती हाताच्या पंजाएवढी, जाड पुठ्ठ्याची, पिवळ्या रंगाची होती, म्हणजे टेबलावरच्या पसाऱ्यातही चटकन दिसे. पेन सुतळीने तिला बांधलेले होते, कारण वही सापडली आणि पेन सापडले नाही की लिहायचे असलेले तोवर निघून जाते. आजच्या पानाला मोठी चिमटी लावलेली असे, त्यामुळे तारीख शोधावी लागत नसे. डाव्या पानावर वेळेनुसार कामे आणि त्यांच्यापुढे चौकट; उजव्या पानावर जे घडले ते. चौकटीत खूण करायची ती काम झाल्यावरच, आधी नाही, हा नियम सर्वांत जास्त वेळा मोडला गेला आणि म्हणून सर्वांत जास्त वेळा शिकवावा लागला. पहिल्या पानावर मी लिहिले होते: ‘तुझा अपघात झाला होता. तुझ्या डोक्याला मार लागला. आता तू घरी आहेस. नव्या गोष्टी तुझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून ही वही आहे. घाबरू नकोस.’ सुरुवातीला तो हे पान दिवसातून अनेकदा वाचत असे.

वहीत काय लिहायचे, याहूनही वही कधी उघडायची हा प्रश्न अवघड असतो, कारण वही बघायची हेच विसरले जाते. म्हणून वही बघणे अशा गोष्टीला जोडावे लागते, जी विसरली जाऊच शकत नाही: दात घासून झाले की, जेवायला बसण्याआधी, घराचा दरवाजा ओलांडण्याआधी, दिवा मालवण्याआधी. ‘सकाळी वही बघ’ या सूचनेचा काही उपयोग झाला नाही. ‘ब्रश जागेवर ठेवला की वही उघडायची’ या सूचनेचा झाला. पहिल्या सूचनेत वेळ लक्षात ठेवावी लागते, दुसरीत हातातली वस्तूच आठवण करून देते. आणि तो काही विचारू लागला की उत्तर माहीत असूनही आम्ही म्हणायचो, ‘चल, वहीत बघू.’ आम्ही हे प्रेमाने आणि त्याच्या शेजारी बसून म्हणत असू. पुढे तो ‘थांब, बघतो’ असे स्वतःच म्हणू लागला, पण तिथवर पोहोचायला आम्हाला जवळजवळ एक वर्ष लागले.

वही त्याची आहे, हेही घरच्यांना लक्षात ठेवावे लागते. त्याला न विचारता तिच्यात लिहायचे नाही, ती चोरून वाचायची नाही आणि पाहुण्यांसमोर ती उघडून दाखवायची नाही.

शिकवण्याच्या पद्धतीविषयी मला सर्वांत जास्त आस्थेने सांगायचे आहे, कारण येथे आपली सगळी शाळेतली समजूत उलटी पडते. चुकत-चुकत माणूस शिकतो, असे आपण मानतो. पण चूक आठवून ती टाळता येते तेव्हाच चुकीतून शिकता येते. ज्याला आपण चुकलो हेच आठवत नाही, त्याच्या हाताला आणि तोंडाला चुकीचीच सवय होते. पुढच्या वेळी तीच चूक सर्वांत आधी वर येते आणि ओळखीची वाटल्यामुळे खरी वाटते. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीव्र विस्मरण असलेल्या व्यक्तींना शब्द दोन प्रकारे शिकवले: एका प्रकारात पहिली दोन अक्षरे सांगून शब्द ओळखायला लावले, दुसऱ्यात अंदाज बांधण्याची संधीच न देता शब्द थेट सांगून लिहायला लावला. दुसऱ्या प्रकाराने विस्मरण असलेल्यांचे शिकणे बरेच चांगले झाले. बाबांचे रोज सकाळचे प्रश्न म्हणजे पहिला प्रकार होता. दादाने अंदाजाने घेतलेले चुकीचे नावच त्याच्या डोक्यात पक्के होत गेले होते.

याचे आमच्या घरातले उदाहरण फोनचे आहे. दादाचा जुना फोन बिघडला आणि नव्या फोनवर वेगळा पासवर्ड लावावा लागला. पहिल्या दिवशी मी निष्काळजीपणे ‘करून बघ, जमेल’ म्हटले. त्याने तीन वेळा जुना आकडा दाबला, फोन काही काळासाठी बंद झाला, आणि पुढचे कित्येक दिवस त्याचा अंगठा त्याच जुन्या आकड्यांकडे जात राहिला. मग पद्धत बदलली. फोनच्या पाठीमागे आकडे लिहिलेली पट्टी लावली. प्रत्येक वेळी तो आधी पट्टी बघणार, मोठ्याने वाचणार, मग दाबणार. आठवून दाबायचे नाही, असे ठरवले. त्याचा हात घुटमळला की त्याने काही दाबण्याआधीच मी आकडा सांगत असे. काही दिवसांनी पट्टीवरचा शेवटचा आकडा झाकला, तो नीट जमू लागल्यावर त्याच्या आधीचा. शेवटी पट्टी कोरी झाली आणि अंगठा योग्य जागी जाऊ लागला. पासवर्ड काय आहे असे विचारले तर तो आजही गोंधळतो, पण फोन हातात दिला तर उघडतो. ज्या अर्थी तो उघडतो, त्या अर्थी मी त्याला पासवर्ड विचारत नाही.

एखादी माहिती, उदाहरणार्थ ‘माझ्या गोळ्या कुठे असतात?’, तोंडपाठ व्हायला हवी असेल तर अंतर वाढवत जाण्याची पद्धत उपयोगी पडते. लँडॉवर आणि बियॉर्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली तिचा अभ्यास मांडला होता. उत्तर सांगायचे आणि लगेच विचारायचे; मग अर्ध्या मिनिटाने, एका मिनिटाने, दोन, चार, आठ मिनिटांनी. मध्ये इतर गप्पा चालू ठेवायच्या. उत्तर चुकले किंवा अडले तर विचार करायला लावायचे नाही, लगेच सांगायचे, त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्यायचे आणि मागे जमलेल्या अंतरावर परत यायचे. वाचणाऱ्याला येथे शंका येईल की हेही प्रश्न विचारणेच झाले. फरक असा आहे की येथे प्रश्न उत्तर येईल अशाच वेळी विचारला जातो, आणि माणूस दर वेळी बरोबर ठरतो. मात्र एका वेळी एकच गोष्ट घ्यावी, आणि तीही रोज उपयोगी पडणारी असावी.

पुढे करायची कामे आठवणे हे वेगळेच संकट असते. झालेले विसरले तर कोणीतरी सांगू शकतो. पण चार वाजता फोन करायचा आहे हे चार वाजता आठवावे लागते, आणि तेव्हा जवळ कोणी नसते. यासाठी गजर हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि त्याचा इतिहास मला फार जवळचा वाटतो. कॅलिफोर्नियातील लॅरी ट्रेडगोल्ड या अभियंत्यांच्या मुलाच्या मेंदूला इजा झाली होती. त्यांनी नील हर्श या न्यूरोसायकॉलॉजिस्टसोबत न्यूरोपेज नावाची व्यवस्था उभारली. ठरलेल्या वेळी कमरेला लावलेला पेजर वाजे आणि काय करायचे ते त्यावर दिसे. बार्बरा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये 143 जणांवर तिचा अभ्यास करून 2001 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अभ्यास पूर्ण करणाऱ्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक लोकांची रोजची कामे पेजर असताना लक्षणीयरीत्या जास्त प्रमाणात पार पडत होती. आज तेच काम कोणताही साधा मोबाइल करतो.

पण गजर कसा लावायचा, यात घरोघरी चूक होते. नुसता वाजणारा गजर कुचकामी असतो, कारण तो बंद केल्यावर कशासाठी वाजला हे कळत नाही. त्यावर काय करायचे ते पूर्ण वाक्यात दिसले पाहिजे. ‘गोळी’ असे लिहू नये, ‘निळ्या डब्यातली दुपारची गोळी आत्ता घे’ असे लिहावे. काम लगेच करता येईल अशाच वेळी तो वाजावा. ‘मग करतो’ म्हणून बंद केलेला गजर म्हणजे गेलेले काम. आणि गजरांची संख्या मोजकी ठेवावी. आम्ही उत्साहाच्या भरात दिवसाला सतरा गजर लावले होते, तेव्हा दादा एकही ऐकेनासा झाला. आता पाच आहेत.

गोळ्यांच्या बाबतीत दोनदा घेतली जाण्याचा धोका न घेण्याइतकाच मोठा असतो. वारांचे आणि वेळांचे कप्पे असलेला डबा वापरला की कप्पा रिकामा आहे की भरलेला हे डोळ्यांना दिसते, आठवावे लागत नाही. घरातली मांडणीही याच न्यायाने करावी. किल्ली, चष्मा, वही, पाकीट यांची एकच जागा ठरवावी, कपाटांवर आत काय आहे ते लिहावे आणि एकदा बसलेली घडी हौसेखातर बदलू नये. आमच्याकडे वहिनीने एकदा स्वच्छतेच्या भरात स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवले, आणि त्यानंतरचे तीन आठवडे दादा दर वेळी रिकाम्या फळीसमोर उभा राहत होता. गॅस आपोआप बंद होण्याची सोय करता येत असेल तर ती जरूर करावी. सुरक्षिततेची गोष्ट माणसाच्या स्मृतीवर सोपवू नये. वाहन चालवणे, एकट्याने पोहायला जाणे यांचा निर्णय डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

तोच प्रश्न पुन्हा-पुन्हा विचारला जाणे, हे सोबत राहणाऱ्याला सर्वांत जास्त थकवते. दहाव्या वेळी आवाज चढतो, आणि समोरच्यासाठी तर तो पहिलाच प्रश्न असतो. आपण काय चुकलो हे त्याला कळतच नाही. मला यातून वाट सापडली ती प्रश्नाच्या मागे बघण्याने. वहिनी कधी येणार, असे दादा वारंवार विचारे, तेव्हा त्याला वेळ नको होती, ती येणार आहे याची खात्री हवी होती. आम्ही दारासमोर छोटा पांढरा फळा लावला आणि जाताना वहिनी स्वतःच्या हाताने त्यावर लिहून जाऊ लागली, ‘मी सहा वाजता येते.’ तिचे अक्षर बघितले की तो निवांत होई. प्रश्न संपले नाहीत, पण खूप कमी झाले.

कधी कधी दादा न घडलेली गोष्ट घडल्यासारखी सांगतो. हे खोटे बोलणे नव्हे; रिकामी जागा मेंदू जवळच्या तुकड्यांनी भरून काढतो आणि माणसाला ती खरीच आठवण वाटते. वाद घातला तर दोघेही दुखावतात, हो ला हो केले तर चूक पक्की होते. अशा वेळी ‘वहीत काय लिहिले आहे ते बघू या’ हे वाक्य आम्हाला सर्वांत जास्त उपयोगी पडले, कारण त्यात निवाडा मी करत नाही, त्याचे स्वतःचे अक्षर करते.

काही जणांना आपल्याला विस्मरण आहे हेच जाणवत नाही. हाही इजेचाच भाग असतो, हट्ट नसतो. त्यांना पुराव्यांनी नामोहरम करण्यापेक्षा ‘तुला आठवत नाही म्हणून लिही’ ऐवजी ‘मला नंतर कळावे म्हणून लिहून ठेवशील का?’ असे म्हणणे बरे पडते. आणि घरातल्या सर्वांनीच वही आणि फळा वापरायला सुरुवात केली तर ते आजाऱ्याचे साधन न राहता घराची रीत होते.

अपुरी झोप, वेदना, नैराश्य आणि काही औषधे यांचा स्मृतीवर मोठा परिणाम होतो, आणि यांवर उपाय असतात; त्यामुळे एकाएकी जास्त विसरणे सुरू झाले तर ‘इजेमुळेच असेल’ म्हणून गप्प बसू नये. डोकेदुखी वाढणे, उलट्या, गुंगी, फिट येणे, एका बाजूची शक्ती कमी होणे यांपैकी काही दिसले तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. एरवीही, मेंदूला इजा झालेला माणूस फार लवकर थकतो. दादाला नवे काही शिकवायचे असेल तर ते आम्ही सकाळीच शिकवतो. दुपारी चारनंतर महत्त्वाचे बोलणे काढत नाही.

मागच्या महिन्यात दादाची आठवी वही संपली. वही बदलणे हे मोठे काम असते, कारण जुन्या वहीतली जी माहिती पुढे लागणार आहे ती उतरवून घ्यावी लागते आणि नवी वही हाताला ओळखीची व्हावी लागते. म्हणून ती तशीच पिवळी, तशीच पंजाएवढी आणतो, आणि आठवडाभर दोन्ही सोबत ठेवतो. आतापर्यंत पहिले पान मीच उतरवून देत असे. या वेळी दादा म्हणाला की तो स्वतः लिहील. मी शेजारी बसून होते. त्याने जुने पान समोर ठेवले, बराच वेळ वाचले आणि लिहिले: ‘माझा अपघात झाला होता. माझ्या डोक्याला मार लागला. नव्या गोष्टी माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी लिहितो. कोणाला विचारण्याआधी येथे बघायचे.’

‘घाबरू नकोस’ हे शेवटचे वाक्य राहून गेले, असे वाटून मी जुन्या पानावर त्या ओळीखाली बोट ठेवले. त्याने ती ओळ वाचली, ‘ते नको आता’ म्हणाला आणि चिमटी काढून आजच्या पानाला लावली.